पोराचं बीपी आणि पप्पांची अर्धी गोळी

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीत शिकतो. मागच्या महिन्यात शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. त्यांनी चिठ्ठी दिली: उंची १४२ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, बीपी १२४/८२, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याचे पप्पा म्हणतात, १२०/८० नॉर्मल असतं, दोन-चार आकड्यांनी काय होतं? सासूबाई म्हणतात, खातापिता पोऱ्या शे, दृष्ट लावू नका. त्याला तसा काही त्रास नाही. थोडं पळालं की धाप लागते, आणि रात्री घोरतो, मोठ्या माणसासारखा. मिस्टरांना ३७व्या वर्षापासून बीपीची गोळी सुरू आहे. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, तीच अर्धी करून महिनाभर देऊन बघ. मी अजून दिली नाही. देऊ का? त्याची केळी बंद करू का? आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात त्याचं नाव आलंय, खेळू द्यावं का?

— एक आई

उत्तर:

ताई,

आधी गोळीचं. देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, एक दिवससुद्धा नाही. हातात गोळी असताना तुम्ही थांबलात आणि विचारलंत, हे फार चांगलं केलंत.

मोठ्यांच्या बीपीच्या गोळ्या सगळ्या एकसारख्या नसतात. काही गोळ्या मूत्रपिंडाच्या रक्ताभिसरणावर काम करतात. मुलाच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या जन्मतः अरुंद असतील, तर त्याच गोळीने मूत्रपिंडाचं काम घसरू शकतं आणि रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. काही गोळ्या दमा असलेल्या मुलाला दिल्या तर छाती आवळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या आणि अशी गोळी पोटात असली, तर बीपी एकदम खाली येऊन मूल पडतं. गरज पडली तर यातली काही औषधं आम्हीही मुलांना देतो, पण तपासण्या करून, मुलाच्या वजनावर डोस काढून आणि पुन्हा पुन्हा मोजत राहून. आणखी एक गोष्ट आहे. गोळीने आकडा खाली आला की घरात सगळे निर्धास्त होतील, आणि बीपी वाढण्याचं मूळ कारण आत तसंच राहील.

आता त्याच्या पप्पांचं म्हणणं. १२०/८० हे माप मोठ्यांचं. तेराव्या वर्षापासून पुढे आपण मुलांनाही तेच लावतो. त्याआधी मुलाचं वय, मुलगा की मुलगी आणि उंची, या तिन्हींचा तक्ता बघावा लागतो. ११ वर्षांच्या मुलासाठी चाळणीची रेषा ११०/७४ अशी धरतात. त्या आकड्याला किंवा त्याच्या वर गेलं की थांबून नीट मोजायचं. तुमच्या मुलाचा वरचा आकडा या रेषेच्या १४ वर आहे आणि खालचा ८ वर. त्याच्या उंचीला धरून तक्ता लावला तर हे बीपी ९५व्या शतमानाच्या पलीकडे जातं, म्हणजे त्याच वयाच्या आणि उंचीच्या शंभर निरोगी मुलांना ओळीने उभं केलं तर ९५ जणांचं बीपी याहून कमी निघेल. याला आम्ही उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा म्हणतो. त्यांना हे जरूर वाचून दाखवा. ते मुलाच्या भल्यासाठीच बोलत आहेत, फक्त माप चुकीचं धरलंय.

पण हा आकडा खरा आहे का, हे आधी ठरायला हवं, आणि या बाबतीत मी फार आग्रही आहे. लठ्ठ मुलांच्या बीपीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो दंडाला बांधायच्या पट्ट्यामुळे. पट्ट्याच्या आत हवेची रबरी पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के आणि रुंदी किमान ४० टक्के हवी. लहान मूल म्हणून लहान पट्टा काढला आणि मुलाचा दंड जाड असला, तर बीपी खरं नसतानाही जास्त दिसतं. ५८ किलोच्या मुलाला बहुतेक वेळा मोठ्या माणसाचा पट्टा लागतो. काही मुलांना त्याहून मोठा लागतो. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर संकोच न करता विचारा, "डॉक्टर, हा पट्टा याच्या दंडाला पुरतो का?" असं विचारणं हा उद्धटपणा नव्हे. मला कोणी विचारलं तर मला बरंच वाटतं.

मोजताना पोरगं जिना चढून, धापा टाकत आलेलं नसावं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, तीन ते पाच मिनिटं न बोलता बसू द्यायचं. उजवा हात, तोही हृदयाच्या पातळीला आधार देऊन. मशीनवर जास्त आलं तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून पुन्हा मोजावं. आणि एका दिवसाच्या मोजणीवर निदान होत नाही. वेगवेगळ्या तीन भेटींत आकडा वरच राहिला तरच उच्च रक्तदाब म्हणायचं. शाळेत ओळीत उभं राहून, मित्रांसमोर वजनावरून हसं झाल्यावर मोजलेलं बीपी वर जाऊ शकतं. काही मुलांचं दवाखान्यात पांढरा कोट बघूनच वाढतं. अशा वेळी दंडाला २४ तास यंत्र लावून, झोपेतलंही बीपी नोंदवून खात्री करता येते. मनगटावरची मशीन मुलांसाठी वापरू नका.

म्हणजे चिठ्ठी फाडून टाकायची का? मुळीच नाही. ज्या मुलाचं वजन इतकं जास्त आहे, वडिलांना तरुणपणीच बीपी आहे आणि जो घोरतो, त्याचा आकडा खरा निघण्याची शक्यता मोठी आहे. येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांकडे जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, बालरोग विभाग आहेत. शाळेत येणारं पथक बहुधा २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, आणि त्यांची चिठ्ठी सरकारी दवाखान्यात दाखवता येते. ती जपून ठेवा.

डॉक्टर काय बघतील, तेही सांगते. पूर्वी मुलाचं बीपी वाढलं की आधी मूत्रपिंडाचा आजार शोधायचा, अशीच रीत होती, आणि सहा वर्षांखालच्या मुलांत आजही तसंच करावं लागतं. त्यापुढच्या वयात मात्र आता वजन आणि घराण्यातला रक्तदाब ही कारणं जास्त दिसतात. तरीही दुसरी कारणं तपासून बाजूला काढावीच लागतात. लघवीची साधी तपासणी, मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनीनची रक्ततपासणी, रक्तातले क्षार आणि चरबी. वजन जास्त असल्यामुळे साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि यकृताच्या तपासण्या, कारण लठ्ठ मुलांत यकृतावर चरबी बसलेली आढळते. जांघेतली नाडीही हाताने बघायला हवी. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, एका जागी जन्मतः आवळलेली असली तर हातातलं बीपी जास्त असतं आणि पायातली नाडी मंद लागते. बिनखर्चाची तपासणी आहे, पण घाईत राहून जाते. मानेची, काखेची कातडी काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल तर तेही दाखवा. आया बिचाऱ्या ती मळ समजून घासत बसतात. तो मळ नसतो, शरीरात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते. आणि अलीकडे त्याला कोणती औषधं, इंजेक्शनं दिली ते सगळं सांगा. खेडोपाडी ताप-खोकल्यालासुद्धा स्टेरॉइड टोचलं जातं, आणि स्टेरॉइडने वजन आणि बीपी दोन्ही वाढतात. सर्दीची नाक मोकळं करणारी काही औषधंही बीपी वाढवतात. दम्याचा पंप चालू असेल तर मात्र मनाने बंद करू नका.

वजनाचा आणि बीपीचा संबंध काय, हे आजींनाही समजावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पोटाभोवतीची चरबी गप्प बसलेली नसते. तिच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग इन्सुलिन वाढतं, आणि वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. मिठाबरोबर पाणीही थांबतं. मज्जातंतू रक्तवाहिन्यांना आवळत राहतात. ठिबकच्या नळीत मोटारीचा दाब दिवसरात्र जास्त ठेवला तर नळी लगेच फुटत नाही, पण जोड सैल पडत जातात. तसंच इथे होतं. मूल हसतं-खेळतं दिसतं आणि आत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड व्हायला लागलेली असते. त्रास नाही म्हणजे काही नाही, असं बीपीच्या बाबतीत म्हणता येत नाही. लहानपणी वाढलेलं बीपी पुष्कळदा मोठेपणीही पाठ सोडत नाही.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या पिढीने बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. ज्यांनी लहानपणी रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी मोजून खाल्ली, त्यांना नातवाचं भरलेलं अंग बघून समाधान वाटणारच. त्यांना "तुम्हीच त्याला जाड केलंत" असं म्हटलं तर त्या लपवून खाऊ घालतील. मी घरोघरी हेच बघते. त्यापेक्षा त्यांना दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आणि घरातल्या मिठाचा हात त्यांच्याकडेच सोपवा.

मिठाचा हिशेब तुम्हाला घरीच करता येईल. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर, आणि त्यात भाजी, वरण, भाकरी, लोणचं, फरसाण सगळं आलं. मुलाला त्याहूनही कमी. तुमच्या घरी पाच माणसं असतील असं धरलं, तर एक किलोची पुडी निदान ४० दिवस पुरायला हवी. किती दिवसांत संपते ते पुडीवर तारीख टाकून बघा. वीस-पंचवीस दिवसांत संपत असेल तर जवळजवळ दुप्पट मीठ पोटात चाललंय, आणि बाहेरच्या खाण्यातलं तर यात धरलेलंच नाही. मीठ एकदम अर्धं केलं तर कोणी जेवणार नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा, जीभ सावकाश सरावते. मिठाच्या जागी लिंबू, कैरी, आमचूर, लसूण, जिरं वापरा. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मुलाच्या मूत्रपिंडाची तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत ते आणू नका.

आपल्या खानदेशी जेवणाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, उडदाचं वरण, मेथीची भाजी, यासारखं जेवण मुलांना द्यायला मिळतंय हे आपलं भाग्य आहे. पण शेवभाजीत शेवेचं मीठ वेगळं आणि रश्श्याचं वेगळं, वर तेलाचा तवंग. बट्टी तळलेली, त्यावर तूप. पापड, बिबडे, कुरडया यांत मीठ असतंच, शिवाय पापडखार आणि खायचा सोडा हेही सोडियमच. हे सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही. शेवभाजी महिन्यातून एकदा-दोनदा करा, शेव वाढताना घाला, रस्सा वाटीभरच. बट्टी तळण्याऐवजी भाजा. पापड-लोणचं रोजच्या ताटातून काढून सणाला ठेवा. कानबाईचे रोट, आखाजीचे मांडे पोराने सगळ्यांसोबत पोटभर खावेत. त्या दिवशी त्याचं ताट वेगळं केलंत तर ते त्याला आयुष्यभर लागेल.

खरं नुकसान रोजच्या किरकोळ खाण्यातून होतं, आणि ते कोणी मोजत नाही. सकाळी चहासोबत टोस्ट, खारी. डब्यात नूडल्स. क्लासला जाताना दुकानातून पाच-दहा रुपयांची चटपटीत पुडी. आल्यावर कचोरी किंवा पाववडा, उन्हाळा म्हणून बाटलीतलं गोड थंड पेय. पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं: १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. पोरालाच हे गणित करायला सांगा. सहावीतला मुलगा आनंदाने करतो, आणि त्याने स्वतः काढलेला आकडा त्याला आपल्या उपदेशापेक्षा जास्त पटतो. पुड्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू द्या. एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या तर घरातच नकोत, त्यातल्या कॅफिनने बीपी वाढतं. साधं पाणी आणि बिनमिठाचं ताक पुरे.

केळी बंद करू नका. केळ्यातलं पोटॅशियम बीपीला मदतच करतं. तपासण्यांत मूत्रपिंडाचा दोष निघाला तरच डॉक्टर वेगळं सांगतील. एक केळं हा चांगला खाऊ आहे. साखर घातलेलं शिकरण आणि मीठ भुरभुरलेले वेफर्स हे मात्र केळं म्हणून धरू नका.

ताई, वजन उतरवायची घाई करू नका. उपास, एक वेळ जेवण, मोबाइलवर दिसणारी पावडर, यातलं काही नको. त्याची उंची अजून वाढायची आहे, आणि आपल्याला तिचाच फायदा घ्यायचा आहे. आज १४२ सेंटिमीटरला ५८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) जवळपास २९, म्हणजे या वयाला लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर. वजन ५८ वरच थांबलं आणि उंची १५० झाली तर तो २६ च्या आत येतो. १६० झाली तर २३ च्या आत. त्याने एक किलोही न घटवता एवढा फरक पडतो. त्याचं वजन अगदी वरच्या टोकाला असल्याने डॉक्टर थोडं हळूहळू उतरवायलाही सांगतील, पण किती आणि कसं, हे त्यांना ठरवू द्या. वजनकाट्यावर महिन्यातून एकदाच उभं करा. घरात "जाड्या" हा शब्द कोणीही, लाडानेसुद्धा, उच्चारायचा नाही. अशी हाक ऐकून मुलं लपून खायला शिकतात आणि मैदानावर जायचं टाळतात.

रोज तासभर घाम येईल असं खेळणं हवं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी नको. सकाळी सातच्या आत किंवा ऊन कलल्यावर. सायकल, आट्यापाट्या, पोहणं, काहीही चालेल. वडील सोबत चालायला निघाले तर दोघांचंही बीपी उतरेल.

घोरण्याकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. तुम्ही ते सहज लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने पत्रातली ही महत्त्वाची ओळ आहे. लठ्ठ मुलांत गळ्याभोवतीची चरबी आणि वाढलेले टॉन्सिल, ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) झोपेत श्वासाची वाट अडवतात. श्वास काही सेकंद थांबतो, मूल दचकून श्वास घेतं, आणि दर वेळी बीपी वर जातं. रात्री शेजारी बसून मोबाइलवर त्याच्या झोपेचं चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. सकाळी डोकं दुखतं का, वर्गात पेंगतो का, अजून अंथरूण ओलं करतो का, हेही सांगा. या वयाला ९ ते १२ तासांची झोप लागते. त्यासाठी रात्रीचा फोन त्याच्या खोलीबाहेर ठेवा, आणि तुमचेही.

कबड्डी खेळू द्या, पण डॉक्टरांनी बीपी पुन्हा मोजल्यावर. पहिल्या टप्प्यातल्या रक्तदाबाला, हृदयाला इजा नसेल तर, खेळ बंद करायची गरज नसते. उलट हवाच असतो. आकडा दुसऱ्या टप्प्यात निघाला, म्हणजे या वयाला साधारण १३०/९० च्या पुढे, तर बीपी आटोक्यात येईपर्यंत जोर लावायचे खेळ थांबवतात. असा आकडा आला तर आठवड्याच्या आत पुन्हा दाखवायला हवं. आणि जोराची डोकेदुखी आणि उलट्या, अंधुक दिसणं, आकडी (फिट), झोपेत धाप, चेहऱ्यावर सूज किंवा काळ्या चहासारखी लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

बाकी सगळं ठीक असेल तर खाणं, खेळ आणि झोप यांवर काही महिने काम करायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. सहा महिन्यांच्या प्रामाणिक प्रयत्नांनंतरही आकडा वर राहिला, किंवा आधीच हृदयावर, मूत्रपिंडावर परिणाम दिसला, किंवा मधुमेह निघाला, तर औषध सुरू करतात. त्या वेळी ते नाकारू नका. औषध सुरू करावं लागलं म्हणजे तुम्ही आई म्हणून कमी पडलात, असं नाही.

जाताना मिस्टरांची गोळ्यांची चिठ्ठीही घेऊन जा. त्यांना किती वयात बीपी निघालं, घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार किंवा कमी वयात हृदयविकाराचा झटका आला का, हे डॉक्टर विचारतील. घरात आणखी मुलं असतील तर त्यांचंही बीपी त्याच भेटीत मोजून घ्या. तीन वर्षांच्या पुढे प्रत्येक मुलाचं ते वर्षातून एकदा मोजायला हवं.